सोवळ्यातले संगीत आणि बॅलीडेस्मंडचा पोलका

राष्ट्राभिमानाला भरती आली म्हणजे प्रत्येक देशात एका विशिष्ट नमुन्याचा विद्वान उदयास येतो. तो खतावणी उघडून बसतो आणि आपल्याच लोकांच्या बोलण्याचालण्याची, कपड्यालत्त्याची, गाण्याबजावण्याची झडती घेऊ लागतो. हे आमचे, हे परक्यांचे. हे ठेवा, हे टाका. भाषेच्या बाबतीत हा उद्योग आपणां मराठी वाचकांस चांगला परिचयाचा आहे. संगीतात तो कसा चालतो आणि त्यात नुकसान कोणाचे होते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने आयर्लंडकडे पाहावे. तेथील एका लहानशा नाचाच्या चालीचे कुळ आम्ही येथे तपासणार आहोत. तीस सोवळ्यात घ्यावी किंवा पंक्तीतून उठवावी, असा या तपासणीचा हेतू नाही. कुळ पाहून चालीचा निवाडा करावयाचा ही रीतच मुळात खोटी आहे, असे आमचे म्हणणे आहे.

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती सांगणाराच्या मनात बहुधा अशी धास्ती असते की, मुळाशी काही तरी लाजिरवाणे निघेल. आमचे मत अगदी उलट आहे. मूळ पाहावे, आणि पाहावयाचे तर शेवटपर्यंत पाहावे. सोवळे पाळणारे मध्येच एका सोयीच्या टप्प्यावर थांबतात, आणि त्यांच्या साऱ्या घोटाळ्याचे बीज तेथेच असते.

चालीचे नाव बॅलीडेस्मंडचा पोलका. वस्तुतः ही एक चाल नव्हे. या नावाखाली दोन-तीन चाली मोडतात आणि वादक त्या एकीमागून एक जोडून वाजवितात. त्यांतील एक तर आपल्या कानाला फारशी परकी वाटणारच नाही, कारण तिचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत. पोलक्याची मांडणी अत्यंत आटोपशीर असते. दोन मात्रांचा ठेका, आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा; एक फेरी संपावयास अर्धा मिनिटसुद्धा पुरतो. मग पुन्हा पहिल्यापासून. एवढ्याशा जागेत आलापाला वाव नाही, विस्ताराला वाव नाही. ज्यास चार तासांच्या मैफलीची सवय आहे तो प्रथम ऐकून म्हणेल, “यात आहे काय?” हा आक्षेप लक्षात ठेवावा, त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत.

बॅलीडेस्मंड हे आयर्लंडच्या नैर्ऋत्येस कॉर्क व केरी या दोन परगण्यांच्या शिवेवर, ब्लॅकवॉटर नदीच्या काठी वसलेले एक खेडे आहे. नाव ऐकले की वाटावे, गेलिक राजांच्या काळापासून गाव तेथे असेल. परंतु गाव वसविले इंग्रज सरकारने, १८३० नंतरच्या दशकात. हा डोंगराळ मुलूख बंडखोरांना आश्रय देणारा म्हणून बदनाम होता. तेथे सडका काढाव्यात, सरकारी जमिनीवर नमुन्याची वसाहत उभी करावी, म्हणजे लोक वळणावर येतील, असा त्यामागील हिशेब होता. रिचर्ड ग्रिफिथ या इंजिनिअराने ते काम केले, आणि त्या वेळी गादीवर असलेल्या चौथ्या विल्यम राजाच्या नावाने गावाचे नाव ठेवले किंग विल्यम्सटाउन. देश स्वतंत्र झाल्यावर ते नाव कोणास गोड लागणे शक्य नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ते जाऊन बॅलीडेस्मंड आले. म्हणजे ‘बॅलीडेस्मंडचा शेकडो वर्षांचा पोलका’ असे जे कोणी लिहितात, ते ज्या नावाची थोरवी गातात ते नाव त्या गावाला शंभर वर्षांपूर्वी नव्हते, आणि दोनशे वर्षांपूर्वी तेथे गावच नव्हते.

आणि डेस्मंड तरी कोण? शब्द शुद्ध गेलिक आहे. त्याचा अर्थ दक्षिण मन्स्टर. पण इतिहासात डेस्मंडचे उमराव म्हणून जे गाजले ते फिट्झजेराल्ड घराणे नॉर्मन रक्ताचे, बाराव्या शतकात चिलखत घालून आलेल्या आक्रमकांचे वंशज. पुढे ते आयरिश भाषा बोलू लागले, आयरिश भाटांना पोसू लागले, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राणीविरुद्ध लढत नामशेष झाले. राजाचे परके नाव पुसून अभिमानाने जे नाव लावले, त्याची कीर्तीसुद्धा अशा परक्यांनी वाढविली की जे राहून राहून घरचे झाले. आम्हांस हे नामांतर फार आवडते. त्यात चालीचा सारा निकाल आधीच लागलेला आहे.

आता पोलका. हा नाच बोहेमियातला, म्हणजे चेक लोकांच्या देशातला. त्याच्या जन्माची एक गोड कथा सांगतात: लाबे नदीच्या काठच्या एका गावी एक कामकरी मुलगी सुटीच्या दिवशी आपल्याच नादात गात व नाचत होती, गावच्या शाळामास्तराने ते पाहिले आणि चाल टिपून घेतली. असल्या कथांवर विश्वास ठेवावाच असे नाही. प्रत्येक लोकनाचाला एक मुलगी आणि एक मास्तर कोणी तरी मागाहून मिळवून देतोच. नावाबद्दलही एकमत नाही. चेक भाषेत अर्धा या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून, नाचातील अर्ध्या पावलामुळे, हे नाव पडले असे काही म्हणतात. काहींच्या मते १८३०-३१ च्या पोलिश उठावाबद्दलच्या सहानुभूतीने पोलंडची स्त्री या अर्थाचा शब्द नाचाला लागला. निश्चित एवढेच की, १८३७ च्या सुमारास प्रागमध्ये पोलके छापून विकले जात होते. ज्या दशकात आयर्लंडच्या डोंगरात किंग विल्यम्सटाउनची घरे उभी राहत होती, त्याच दशकात बोहेमियात ही चाल पाळण्यात होती. गाव आणि चाल एका वयाची निघतात!

प्रागहून पोलका पॅरिसला गेला आणि १८४४ साली त्या शहराला या नाचाचे जे वेड लागले, त्याला तोड नाही. त्याच वर्षी ते लंडनमध्ये पसरले. नाचाचे शिक्षक श्रीमंत झाले, विनोदी पत्रांना खाद्य मिळाले, आणि दुकानदारांनी हाती लागेल त्या मालाला पोलक्याचे नाव चिकटविले. ठिपक्यांच्या कापडाला ते अजून चिकटलेले आहे. बायकांच्या अंगाबरोबर बसणाऱ्या एका जाकिटालाही इंग्लंडात पोलका म्हणू लागले. आणि आपल्या आजीपणजींनी अंगात घातलेले ‘पोलके’ त्याच वाटेने आपल्या दोरीवर वाळत पडले असावे, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. तसे असेल तर ज्या घरांत विलायती म्हणून कपड्यांची होळी झाली, त्या घरांतल्या सोज्ज्वळ गृहिणींच्या अंगातही बोहेमियाचा नाच होता. असो.

लंडनहून आयर्लंड दूर नाही. सरदारांच्या दिवाणखान्यातून, लष्करी बँडातून आणि गावोगाव फिरणाऱ्या नृत्यशिक्षकांकडून नवा नाच खाली उतरला. त्याच्या आधी, नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर, चार जोड्यांनी चौकोनात उभे राहून नाचावयाचा क्वाड्रिल हा फ्रेंच नाच तेथे पोहोचलाच होता. खेड्यापाड्यांतील लोकांनी क्वाड्रिलचा सांगाडा घेतला, त्यातील दरबारी मुरडणे टाकून दिले, पावले आपली घातली, आणि वाद्यांवर जे जे वाजत होते ते त्यात ओतले. यालाच तेथे ‘सेट’ म्हणतात. कॉर्क-केरीच्या शिवेवर या सेटांत पोलका असा काही मुरला की, पुढे तो तेथलाच मानला गेला.

हे ज्या काळात घडले तो काळ कोणता, हे शुद्धीवाल्यांनी एकदा डोळे उघडून पाहावे. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि दुष्काळ आला. १८४१ च्या खानेसुमारीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांवर होती. १८५१ त ती ६५ लाखांवर आली. मेले ते मेले, उरलेले जहाजात बसून गेले. गाणारे गेले, नाचणारे गेले, भाषा बोलणारे गेले. मागे राहिलेल्यांनी एखाद्या झोपडीत फळीवर पाय आपटून पुन्हा नाच सुरू केला, तेव्हा हाताशी आलेली चाल बोहेमियाची की ब्रायन बोरू राजाची याची चौकशी त्यांनी केली नाही, हा त्यांचा गुन्हा ठरतो काय?

या मुलखाचे नाव श्लीव लूखरा, म्हणजे लव्हाळ्यांचा डोंगर. जमीन पाणथळ आणि नापीक. पण गेलिक काव्याच्या अखेरच्या बहरातील दोन मोठे कवी, अठराव्या शतकाच्या आरंभीचा ईगन ओ'राहिली आणि शतकाच्या उत्तरार्धातील ओवेन रो ओ'सुलिव्हन, याच मातीतले. ज्यांना शुद्ध गेलिक परंपरा म्हणून काही दाखवावयाचे असते, ते या दोघांकडे बोट दाखवितात. त्याच डोंगरात, त्याच कवींच्या शेजाऱ्यांच्या नातवंडांनी पोलका उचलला. माती शुद्धतेची साक्ष देते असे मानावयाचे, तर ती साक्ष काव्याच्या वेळी घ्यावयाची आणि नाचाच्या वेळी नाकारावयाची, हा कोठला न्याय?

या मुलखातील संगीत विसाव्या शतकात ज्याच्या हातून पसरले तो पॉड्रिग ओ'कीफ हा पुरुष मोठा विलक्षण होता. जन्म १८८७. बाप शाळेचा हेडमास्तर. बापामागे तीच शाळा मुलाकडे आली. परंतु फिडल आणि मद्य यांच्यापुढे शाळेचे घड्याळ टिकले नाही, आणि १९२० साली त्यास नोकरीतून काढून टाकण्यात आले. त्यानंतर १९६३ साली मरेपर्यंत चाळीसांहून अधिक वर्षे हा मनुष्य डोंगरातून पायी हिंडून घरोघर फिडल शिकवीत होता. शेतकऱ्यांच्या मुलांना युरोपीय स्वरलेखन कोठून येणार? त्याने स्वतःची लिपी केली. पाच रेघांमधल्या चार घरांना फिडलच्या चार तारा मानावयाचे, आणि त्या घरांत बोटांचे आकडे, शून्यापासून चारपर्यंत, मांडावयाचे. शून्य म्हणजे मोकळी तार. कागदाच्या चिठोऱ्यावर चाल लिहून तो विद्यार्थ्याच्या घरी ठेवी आणि पुढच्या गावास जाई. आमच्या व्यवसायातील पुष्कळांनी पेन्शनीपर्यंत नोकरी करून जेवढे शिकविले नसेल, तेवढे या बडतर्फ मास्तराने शिकविले. बोहेमियाच्या कथेतही मास्तर आणि येथेही मास्तर. फरक इतकाच की हा खरा होता.

त्याच्या विद्यार्थ्यांत डेनिस मर्फी आणि त्याची बहीण ज्यूलिया क्लिफर्ड हे सर्वांत नामांकित. खुद्द बॅलीडेस्मंडच्या परिसरात टॉम बिली मर्फी नावाचा अंध शिक्षक होता. त्याचेही शिष्य पुष्कळ. १९५२ साली बीबीसीच्या वतीने शेमस एनिस या संग्राहकाने ओ'कीफ, डेनिस आणि ज्यूलिया यांचे वादन मुद्रित करून ठेवले. ती मुद्रणे आज कोणासही ऐकता येतात. ‘यात आहे काय’ असे विचारणाराने ती ऐकावीत. बहीणभाऊ एकच चाल वाजवीत असतात, पण एक वरच्या सप्तकात आणि दुसरा खालच्या. गजाचा झोक मात्रेच्या मध्यावर पडून पुढच्या मात्रेत असा वाहत जातो की, जोर सरळ ठोक्यावर न येता ठोक्याच्या मागच्या अंगाला येतो, आणि ऐकणाराचा पाय आपोआप उचलला जातो. बाजूची मोकळी तार मधूनमधून तानपुऱ्यासारखी गुणगुणते. हे प्रागच्या छापील पोलक्यात नव्हते, पॅरिसच्या नृत्यशाळेत नव्हते. सांगाडा आठ आवर्तनांचाच आहे. पण ओवीचा सांगाडा तरी किती मोठा असतो? चालीच्या लांबीवरून तिची किंमत करणारा समीक्षक कापडाच्या दुकानात शोभेल.

आता शुद्धीवाल्यांचे म्हणणे. त्यांना नुसते हट्टी म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. डग्लस हाइडने १८९२ साली आयर्लंडच्या इंग्रजीकरणाविरुद्ध व्याख्यान दिले आणि पुढच्याच वर्षी गेलिक लीग स्थापन झाली, तेव्हा त्या भाषेची अवस्था खरोखरच शेवटच्या घटकेची होती. लंडनच्या नाटकगृहांतील उडत्या गाण्यांचा लोंढा डब्लिनमध्ये येत होता आणि घरचे ते गावंढळ अशी समजूत शिकलेल्यांत रुजली होती. त्या लोंढ्यास बांध घालणे अवश्य होते. भाषेसाठी लीगने जे केले त्यापुढे आम्ही मान लववितो. परंतु बांध घालता घालता या मंडळींनी घरातला रांजणही फोडला.

त्यांनी नाचाच्या समारंभासाठी ‘केयली’ ही संस्था उभी केली. आज ती अस्सल आयरिश मानली जाते. पहिली केयली कोठे झाली? १८९७ च्या ऑक्टोबरात, लंडन शहरात, ब्लूम्सबरी हॉलमध्ये! कल्पना उचलली ती लंडनच्या स्कॉटिश मंडळींच्या तसल्याच मेळाव्यावरून. आणि त्या पहिल्या रात्री आयरिश चालींवर नाचले गेले त्यांत क्वाड्रिल आणि वॉल्ट्झसुद्धा होते. पुढे जाणीव झाली की हे काही शुद्ध नव्हे. मग जुने नाच शोधण्याची धावपळ सुरू झाली, आणि त्या कामी लंडनमध्ये राहणाऱ्या रीडी नावाच्या एका वृद्ध नृत्यशिक्षकाचा उपयोग झाला. तो मूळचा कॅसलआयलंडचा, म्हणजे त्याच श्लीव लूखराच्या कडेचा. ज्या मुलखाच्या शिक्षकाकडून शुद्धतेचे धडे घेतले, त्याच मुलखातील शेतकरी संध्याकाळी जे नाचत होते ते पुढे अशुद्ध ठरले. १९३० च्या सुमारास लीगच्या छत्राखाली नृत्याचे कमिशन बसले. त्याच्या सोवळ्यात सेटांना जागा मिळाली नाही. सेट गेले म्हणजे त्यांच्यासाठी वाजणारा पोलकाही अंगणाबाहेर गेला. १९३५ साली सरकारने सार्वजनिक नाचांना कोर्टाचा परवाना लागेल असा कायदा केला. कायद्यात शब्द ‘सार्वजनिक’ होता. पण पोलीस आणि पाद्री यांच्या धाकाने स्वयंपाकघरांतले आणि चव्हाट्यावरचे नाचसुद्धा पुष्कळ ठिकाणी थंडावले. एकीकडून शुद्धी, दुसरीकडून नीती. मध्ये चिरडला गेला तो फिडलवाला.

सोवळे एकदा चढले की ते कोणाला शिवू देत नाही, याचे एक उदाहरण तर नाटकात घातले असते तर लेखकाने अतिशयोक्ती केली असे आम्ही म्हटले असते. गेलिक खेळांच्या संघटनेत परदेशी खेळ पाहण्यास बंदी होती. १९३८ साली हाच डग्लस हाइड, आता देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, फुटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय सामना पाहावयास गेला. राष्ट्राध्यक्षाच्या नात्याने जाणे प्राप्तच होते. संघटनेने त्यास आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकले! ज्याने इंग्रजीकरणाविरुद्ध पहिला शंख फुंकला, तोच अपवित्र ठरला. सामना पोलंडविरुद्ध होता.

शुद्धीवाल्यांना आमचा प्रश्न साधा आहे. पोलका परका म्हणून काढावयाचा, तर थांबावयाचे कोठे? आयरिश संगीताचा मुकुटमणी मानली जाते ती रील अठराव्या शतकात स्कॉटलंडातून आली, आणि आजही आयर्लंडात प्रेमाने वाजणाऱ्या कितीतरी रीली स्कॉटिश आहेत. हॉर्नपाइप इंग्लंडचा. फिडल इटलीचे. बोटांनी दाबावयाचे आणि भात्याने फुंकावयाचे ॲकॉर्डियन १८२९ साली व्हिएन्नात जन्मले. काँसर्टिना लंडनच्या व्हीटस्टनने काढली. सगळ्यांना निरोप दिल्यावर हार्प उरेल, पाइप उरतील आणि बाकी शांतता उरेल. पण नाही, रीलीला कोणी हात लावीत नाही. रील शे-सव्वाशे वर्षे आधी आली, एवढीच तिची पुण्याई. परकेपणाला मुदतीचा कायदा लागतो असे म्हणावयाचे असेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि वर्षांचा आकडा जाहीर करावा. पोलक्याचीही मुदत भरून बराच काळ लोटला आहे.

आमच्या मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला आणि कसेल त्याची जमीन या तत्त्वाला कायद्याचे बळ मिळू लागले. ते तत्त्व आयरिश लोकांना आम्ही शिकवावे असे नाही. १८७९ साली लँड लीग उभारून त्यांनी जमीनदारांशी झुंज घेतली, आणि १९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत घेण्याची वाट मोकळी झाली. त्या लढ्यात सनद कोणाच्या पूर्वजाची, हा प्रश्न त्यांनी गौण मानला. नांगर कोणाच्या हातात, हा मुख्य मानला. शेताला जो न्याय लावला, तो चालीला लावताना मात्र शहरातल्या कमिट्या पुन्हा जमीनदारासारखे दप्तर उघडून बसल्या.

दप्तराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. शिकागोचा पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओ'नील हा कॉर्कचाच. त्याने १९०३ साली १८५० चालींचा आणि १९०७ साली १००१ नाचाच्या चालींचा संग्रह काढला. फार थोर काम. वादक त्या दुसऱ्या संग्रहाला केवळ ‘पुस्तक’ म्हणून ओळखतात. जिग आहेत, रीली आहेत, हॉर्नपाइप आहेत; पोलक्यांचे प्रकरण नाही. मग पुष्कळ विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की जे पुस्तकात नाही ते परंपरेत नाही. छापील पुस्तकावरून परंपरा ठरविणे म्हणजे पंचांग पाहून पाऊस पडला की नाही हे सांगणे. ब्रेंडन ब्रॅनख याने पुढे आपल्या संग्रहमालेत पोलक्यांना सरळ पंक्तीला बसविले, आणि श्लीव लूखराचा ॲकॉर्डियनवादक जॉनी ओ'लिअरी याच्या चालींचे पुस्तक १९९४ साली निघाले तेव्हा त्यात पोलक्यांची नुसती रास होती. ओ'लिअरीच्या चालींना पुष्कळदा नावेच नसत. ज्याच्याकडून शिकली त्याचे नाव तो चालीला देई. मालकीची याहून सभ्य नोंद आम्हांस ठाऊक नाही.

ॲकॉर्डियनच्या कुळातलीच एक बहीण आपल्या घरी आहे. १८४२ साली पॅरिसमध्ये दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती वाजविता वाजविता गोविंदराव टेंबे यांनी महाराष्ट्राला वेड लावले आणि १९११ साली ‘मानापमाना’च्या चाली दिल्या; भजनी मंडळांत आणि कीर्तनांत तर ती टाळांच्या शेजारी बसली. तरीही १९४० साली रेडिओवर तिला बंदी झाली आणि ती उठावयास १९७१ उजाडले. येथे एक भेद करणे जरूर आहे. हार्मोनियमच्या पट्टीवर मींड निघत नाही, श्रुती हाती लागत नाहीत, असे जो म्हणतो त्याच्याशी वाद घालता येतो, कारण तो संगीताविषयी बोलतो आहे. त्याचे काही अंशी खरेही आहे. ती फिरंगी म्हणून नको, असे जो म्हणतो तो कानाने ऐकतच नाही, पासपोर्ट तपासतो. बंदीच्या काळात हे दोन्ही आक्षेप एकाच टोपीखाली वावरले, आणि दुसऱ्याने पहिल्याची अब्रू वापरली. पोलक्याच्या बाबतीतही ‘फार सोपा’ आणि ‘परका’ हे दोन आक्षेप असेच हात धरून येतात. एकाला उत्तर दिले की दुसरा पुढे सरकतो.

आता दुसऱ्या पक्षाची खबर घेऊ. हा पक्ष व्यापाऱ्यांचा. यांना शुद्धी नको, प्राचीनत्व पाहिजे. कारण प्राचीनत्वाला भाव येतो. तबकडीच्या वेष्टनावर धुके, दगडी क्रूस आणि ‘केल्टिक’ हा शब्द छापला की, आतला पोलका दोन हजार वर्षांचा होतो. एका पक्षाने चालीला परकी म्हणून हाकलले, दुसऱ्याने तिला अनादि म्हणून देव्हाऱ्यात बसविले. तिने खरोखर काय प्रवास केला हे दोघांनाही नको आहे. ‘टायटॅनिक’ हा चित्रपट १९९७ साली आला. त्यात तिसऱ्या वर्गाच्या उतारूंचा नाच आहे आणि त्या नाचात ‘जॉन रायनचा पोलका’ वाजतो. जगातील कोट्यवधी लोकांनी आयरिश पोलका प्रथम ऐकला तो तेथे, आणि त्यांतील बहुतेकांची समजूत अशी झाली की एका आदिम जमातीचे हे संगीत. १९१२ साली आयर्लंडात पोलका येऊन फार तर पाऊणशे वर्षे झाली होती. तिसऱ्या वर्गातल्या कोणा मुलाच्या आजोबांनी तो नवी टूम म्हणून शिकलेला असणार.

आणि असा एक मुलगा त्या बोटीवर खरोखरच होता. डॅनिअल बक्ली त्याचे नाव, वय एकवीस. बोट बुडत असता तो एका होडीत चढला. एका बाईने त्याच्यावर शाल टाकून त्यास लपविले, आणि तो वाचला. अमेरिकेच्या सिनेटच्या चौकशीत त्याने हे सर्व आपल्या तोंडाने सांगितले. पुढे अमेरिकन सैन्यात शिरून १९१८ साली, युद्ध संपावयास काही आठवडेच उरले असता, तो फ्रान्समध्ये मारला गेला. तो किंग विल्यम्सटाउनचा होता. ‘बॅलीडेस्मंडचा पोलका’ हे शब्द त्याच्या कानी कधी पडले नसतील. त्याच्या हयातीत गावाचे नावच ते नव्हते. चाल मात्र त्याने ऐकली असेल, कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, आणि कदाचित तीवर पायही उचलला असेल.